मागच्या दाराचा उंबरा

१

सन एकोणीसशे शहाऐंशी. ऑक्टोबर सरत आला होता आणि त्या मुलखातली झाडं बोडकी व्हायला लागली होती. सुतार वर्षभराच्या करारावर परदेशात उतरला तेव्हा अंगात बायकोनं विणलेला स्वेटर, एका हातात कपड्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात हत्यारांची पेटी. पेटीला त्यानं वाटेत कुणाला हात लावू दिला नव्हता.

स्टेशनावर मेव्हणा न्यायला आला होता. बायकोचा पाठचा भाऊ. तो वर्षापूर्वीच इथं आला होता, भाषा शिकला होता, अंगानं भरला होता.

"या दाजी, या. पोचलात एकदाचे. श्वास नीट चालू आहे ना?"

"आहे."

"असायलाच पाहिजे. दोन बोटं गेलीत माझी त्यापायी."

असं म्हणून त्यानं डावा हात वर केला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुळापासून नव्हतं. आजूबाजूची चार माणसं वळून बघायला लागली. मेव्हण्याला तेच हवं होतं.

गोष्ट खरी होती. गावाकडच्या कारखान्यात सुताराची बाही यंत्राच्या पट्ट्यात गेली. पट्टा त्याला आत ओढत होता. बाकीचे ओरडत उभे राहिले आणि मेव्हण्यानं हात घालून पट्टा उडवला. सुतार वाचला, मेव्हण्याची बोटं गेली. तेव्हापासून मेव्हण्यानं त्याला एक दिवस विसरू दिलं नाही. जेवताना, पाहुण्यांत, बायकापोरांसमोर. तोंडानं दाजी आणि अहोजाहो, आणि त्यातच चिमटा. ही परदेशातली नोकरीही त्यानंच लावून दिली होती. निघताना बायको म्हणाली होती, "त्याच्याशी वाद घालू नका. तुमचा जीव त्यानं वाचवलाय."

"माहीत आहे," सुतार म्हणाला होता. "म्हणूनच जातोय. वर्षात काहीतरी करून फेडीन. मिंधा म्हणून मरणार नाही."

२

खोली तिसऱ्या मजल्यावर होती. मेव्हण्यानं दोघांसाठी नवीनच घेतलेली. दोन भिंतींना दोन खाटा, कोपऱ्यात शेगडी, एक खिडकी. आणि दोन दारं. एक पुढचं, व्हरांड्यात उघडणारं. एक समोरासमोर, मागचं.

सुतारानं मागचं दार ढकलून पाहिलं आणि पाय मागे घेतला. बाहेर हातभर रुंदीची लोखंडी फळी होती आणि पुढे काही नाही. खाली फरसबंदी चौक. जिना कधीकाळी असावा. भिंतीवर त्याच्या खुणा तिरप्या उतरत गेल्या होत्या.

"जिना कुठं गेला?"

"मोडला असेल. तुम्हाला काय करायचंय? पुढून या, पुढून जा."

घरमालकीण म्हातारी, काटकुळी बाई होती. ती दारात उभी राहून बराच वेळ बोलली आणि बोलताना उघडा तळवा पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत हवेतून सरळ ओढत राहिली, धार लावल्यासारखा.

"काय म्हणते?"

"म्हणते, मधली जागा मोकळी ठेवा. मधे काही मांडू नका." मेव्हणा हसला. "म्हातारी झालीय. तुम्ही नुसती मान डोलवा."

सुतारानं मान डोलवली. पण त्याची नजर जमिनीवर होती. जमीन फळ्यांची होती, जुन्या कणखर लाकडाची. आणि पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत, जिथून म्हातारीचा तळवा गेला होता, तिथं फळ्या झिजून पन्हळीसारख्या खोल गेल्या होत्या. पावलांनी झिजतात तशा. ज्या दाराबाहेर जिना नाही, त्या दाराकडे एवढं कोण चाललं असेल, असं त्याच्या मनात आलं. मग मनाशी म्हणाला, जिना होता तेव्हाची झीज असेल. विषय मिटला.

एक गोष्ट मात्र त्याला पहिल्या दिवसापासून खुपली. दोन्ही दारांना उंबरा नव्हता. दाराखाली दोन बोटं फट, तिच्यातून उजेड आत, वारा आत. त्याच्या हिशेबी चौकट म्हणजे चार लाकडं. तीनच लाकडांची चौकट म्हणजे घर नव्हे, गोठा.

"इथं कुणीच बसवत नाही उंबरा," मेव्हणा म्हणाला.

"सुतार नसतील इथं."

"आहेत की. तुमच्या दुप्पट पगार घेतात."

३

कारखान्यात दारं आणि खिडक्या बनत. सुताराची पाळी सकाळची, मेव्हण्याची दुपारपासून रात्रीपर्यंत. दिवेलागणीला सुतार खोलीत एकटा असे. येताना तो भाजी आणी, हात धुई, स्वयंपाक करी. भाषा येत नव्हती, त्यामुळे शेजाराशी फक्त मान हलवण्यापुरता संबंध. खालच्या मजल्यावरच्या खोलीचं दार एकदा उघडं दिसलं. त्यांनीही सगळं सामान भिंतींना लावून मधली पट्टी मोकळी ठेवली होती. या मुलखातली रीत असेल, त्यानं ठरवलं.

जेवायला पाट ना मेज. खाटेवर ताट घेऊन बसायचं. सुताराला ते बरं वाटेना. त्यानं कारखान्यातले टाकाऊ तुकडे मागून आणले, दोन संध्याकाळी खपून बुटकं मेज केलं आणि दोन खाटांच्या मधोमध ठेवलं. खिळा एक नाही, सगळी जोडणी सांध्याची.

दुसऱ्या दिवशी कामावरून आला तर मेज भिंतीशी. कुणी आपटून हलवलेलं नव्हतं. हलकेच बाजूला सारलेलं, पाहुणा वाटेतली चप्पल पायानं सारतो तसं.

"माझं मेज का हलवलंस?" त्यानं रात्री विचारलं.

"मी? मला हात आहेत का धड? दोन बोटं कुणासाठी..."

"कळलं."

पुन्हा मेज मधे, पुन्हा भिंतीशी. सुतार भुताखेताला भीक घालणारा नव्हता. जमीन उतरती असेल, गाड्यांच्या हादऱ्यानं मेज सरकत असेल. त्यानं पेटीतून पाणसळ काढली आणि जमिनीवर ठेवली. काचेतला बुडबुडा बरोबर मधे येऊन थांबला. त्यानं चार ठिकाणी लावून पाहिली. जमीन पाण्यासारखी सपाट होती.

मेज त्यानं मग खाटेखाली सरकवून टाकलं. मेव्हण्याला कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर महिनाभर पुरली असती ती गोष्ट त्याला.

४

त्यानंतरच्या एका संध्याकाळी तो कांदा चिरत होता. बाहेर व्हरांड्यात दिवा लागलेला, पुढच्या दाराखाली उजेडाची पट्टी. त्या पट्टीत दोन काळे ठिपके आले. कुणाचे तरी पाय दाराशी येऊन उभे राहिले होते.

"कोण?" त्यानं आपल्या भाषेत विचारलं. दुसरी कोणती विचारणार?

दार उघडलं नाही. कडी हलली नाही. पण पट्टीतले पाय नाहीसे झाले आणि आतल्या फळीनं आवाज केला.

लाकूड बोलतं. वाळताना बोलतं, गारठल्यावर बोलतं. सुताराला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. पण गारठलेलं लाकूड कुठंही करकरतं. हे ओळीनं करकरत चाललं होतं, एकामागून एक फळी, पुढच्या दाराकडून मागच्या दाराकडे. थकलेलं माणूस कामावरून येतं तसं, जड, घाई नसलेलं. त्याच्या पाठीमागून ते गेलं तेव्हा ओल्या लोकरीचा वास आला. मग मागच्या दाराखालच्या फटीत क्षणभर काळोख झाला आणि पुन्हा उजेड.

सुतार सुरी हातात धरून उभा होता. मग त्यानं उरलेला कांदा चिरला.

पुढे रोज दिवेलागणीला असंच. कुणीतरी आत येई, सरळ चालत जाई, बाहेर पडे. त्याच्याकडे ढुंकून बघितल्याचंही कधी वाटलं नाही. चारचौघांच्या वाटेत खोली पडली आहे, इतकंच. त्या वेळी तो शेगडीकडे तोंड करून उभा राहायचा आणि वाट संपेपर्यंत मागे बघायचा नाही.

माणूस कशालाही सरावतो. तोही सरावला असता. पण डिसेंबर लागला, मागच्या फटीतून सुरीसारखा वारा यायला लागला आणि मेव्हण्यानं रात्री पांघरुणातून तोंड काढून म्हटलं,

"दाजी, नावाचे सुतार तुम्ही. थंडीनं मारता की काय मला? ज्यानं वाचवलं त्यालाच मारायची रीत आहे का तुमच्यात?"

उत्तर सुताराच्या पेटीत होतं.

५

कारखान्यातून त्यानं टणक लाकडाचा एक तुकडा निवडून आणला. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून बसला. रंध्यानं साफ केला, मागच्या दाराच्या चौकटीला दोन्ही पायांशी खाचा पाडल्या, उंबरा आत सरकवला आणि एका बाजूनं पाचर ठोकली. केस जायला जागा राहिली नाही. वारा थांबला. उजेडाची पट्टी गेली. चौकट पुरी झाली.

त्या संध्याकाळी पावलं नेहमीसारखी आली. पुढच्या दारातून आत, फळी फळी करत, त्याच्या पाठीमागून. मागच्या दाराशी गेली आणि थांबली.

सुतार वाट बघत राहिला. शेगडीवरचं कालवण आटलं. पावलं गेली नाहीत. परतलीही नाहीत. मागच्या दाराशी फळी मधूनच बारीक कुरकुरत होती, उभं माणूस या पायावरचा भार त्या पायावर घेतं तशी.

दुसऱ्या संध्याकाळी आणखी कुणी आलं. तेही थांबलं. तिसऱ्या संध्याकाळी आणखी कुणी.

आणि खोली उबदार झाली.

"वा दाजी!" मेव्हणा रात्री आला आणि कोट काढून हात चोळायला लागला. "शेगडी न लावता एवढी ऊब? आज कळलं तुम्हाला कशाला बोलावलं ते. उंबरा म्हणावा तर असा."

सात-आठ वर्षांत मेव्हण्याच्या तोंडून निघालेला हा पहिला धड शब्द. बोटांचं नाव न काढता तो जेवला, झोपला. सुतार अंधारात डोळे उघडे ठेवून पडला होता. ऊब उंबऱ्याची नव्हती. लाकूड वारा अडवतं, ऊब देत नाही. लग्नघरात एका खोलीत वीस माणसं कोंबली की जी दमट ऊब येते, ती ही होती. खिडकीच्या काचेवर आतून वाफ धरली होती आणि वाफेचे ओघळ खाली उतरत होते.

सकाळी उठून पाचर उपटावी, एवढंच करायचं होतं. त्यानं हातोडी काढलीही. पण मेव्हणा जागा झाला.

"काय करताय?"

"काही नाही. पाचर सैल आहे का बघतो."

"हात लावू नका. इतक्या वर्षांत एक काम नीट केलंत, ते तरी राहू द्या."

सुतारानं हातोडी पेटीत ठेवली. काढतो म्हटलं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगून मेव्हण्याला हसायला देण्यापेक्षा त्यानं गर्दीत राहणं पत्करलं. अभिमान माणसाला उपाशी ठेवतो असं म्हणतात. त्याहून वाईटही करतो.

६

आठवड्यात खोलीत वावरणं अवघड झालं. बघावं तर खोली रिकामी. पण शेगडीपासून खाटेपर्यंत जाताना खांदा तिरका करावा लागे. ताट उचललं की कोपर कशाला तरी लागे, मऊ आणि ओलं. सुतार संध्याकाळी खोलीत थांबेनासा झाला. काम संपल्यावर रस्त्यानं फिरत राही आणि मेव्हण्याची पाळी सुटली की त्याच्याबरोबर वर येई. मेव्हण्याला काहीच कळत नव्हतं. तो फक्त म्हणे, "ही खोली लहान व्हायला लागलीय की मी जाड होतोय?"

मग एका सुट्टीच्या सकाळी घरमालकीण आली. दार उघडलं तशी ती व्हरांड्यातच मागे सरली. मान वाकडी करून तिनं सुताराच्या खांद्यावरून आत पाहिलं, मागच्या दारापर्यंत, खाली उंबऱ्यापर्यंत. तिचा चेहरा पिठासारखा झाला. मेव्हण्याशी ती भराभर बोलली, मग पदर नसलेल्या बाया तोंडावर हात धरतात तसा हात धरून जिना उतरून गेली.

मेव्हणा पोट धरून हसत होता.

"काय म्हणाली?"

"म्हणते, खोली दोघांना दिली होती. एवढी माणसं का ठेवलीत?"

सुतार हसला नाही.

"आणखी?"

"म्हणते, कोंडलेली माणसं सुटली की मधे येईल त्याला घेऊन जातात. कुणाला कोंडलंय आपण, दाजी? मुंग्यांना?"

७

दुसऱ्या दिवशी मेव्हण्याला ताप भरला. तो कामावर गेला नाही. सुतार सकाळीच निघाला होता. पाळी संपताना मुकादमानं खुणेनं विचारलं, तुझा माणूस कुठं आहे? तेव्हा त्याला समजलं की मेव्हणा आज खोलीतच आहे, आणि आकाशाकडे पाहिलं तर हिवाळ्यातला आखूड दिवस मावळायला आला होता.

तो हत्यारांची पेटी घेऊन धावत जिना चढला. पुढचं दार ढकललं तर उघडेना. कडी नव्हती. आतून कुणीतरी दाराला टेकून उभं असावं तसं दार थोडं आत जाई आणि परत येई. त्यानं खांदा लावला. वीतभर फट झाली. दमट, गरम श्वास तोंडावर आला.

आत दिवा जळत होता. खोली रिकामी दिसत होती. मागच्या दाराजवळच्या खाटेवर मेव्हणा भिंतीला चिकटून, गुडघे छातीशी ओढून बसला होता. त्याची मान एका बाजूला दाबली गेली होती. गालावर भिंतीचा पोपडा उमटला होता.

"दाजी," तो कसाबसा म्हणाला. "जागा नाही. श्वास घ्यायला जागा नाही."

"पाचर काढ. तुझ्या पायाशीच आहे. हात खाली घाल, उपट."

"कशी काढू? या हातानं?" त्यानं डावा हात वर करायचा प्रयत्न केला. तो छातीच्या वर आला नाही. तीन बोटं हवेत वळवळली.

त्याचा उजवा हात धड होता. त्यानं तो पांघरुणात मूठ वळून धरला होता. सुतारानं ती मूठ पाहिली. म्हातारीनं काय सांगितलं होतं ते दोघांनाही आठवत होतं, आणि दोघांनाही ठाऊक होतं की दुसऱ्याला आठवतंय.

"बोटं दिली मी, दाजी," मेव्हणा म्हणाला. त्याच्या तोंडाच्या कडेला फेस आला होता, पण आवाजात मागणी होती. "विचार न करता दिली. तुम्ही काय विचार करताय?"

सुतारानं पेटी व्हरांड्यात ठेवली. पटाशी आणि हातोडी घेतली. मग खांदा पुढे करून तो आत घुसला.

८

ती खोली ओलांडायला किती वेळ लागला, सांगता येणार नाही. त्यानं डोळे मिटले होते. ओली लोकर तोंडावर घासत होती. कुणी त्याला ढकललं नाही, कुणी अडवलं नाही, कुणी सरकलंही नाही. छातीतली हवा बाहेर गेली ती परत आत घ्यायला जागा नव्हती. पट्ट्यानं ओढलं होतं तेव्हाही असंच झालं होतं. फरक एवढाच की तेव्हा कुणीतरी हात घातला होता.

हाताला मागची चौकट लागली. तो खाली वाकला. पटाशी पाचरीखाली घातली. आपलंच काम होतं, चोख होतं. पहिल्या घावाला हललं नाही. दुसऱ्याला हललं नाही. तिसऱ्याला पाचर उडाली, उंबरा खाचेतून सुटला आणि मागचं दार आपोआप बाहेर उघडलं.

गर्दी चालायला लागली.

सुतारानं दोन्ही हातांनी चौकट धरली. त्याचे पाय खोलीतून सुटून बाहेरच्या लोखंडी फळीवर गेले होते आणि दोन्ही बाजूंनी त्याला घासत काहीतरी बाहेर चाललं होतं. त्यानं मान वळवली. चौकात तिन्हीसांजेचा करडा उजेड होता. त्या उजेडात त्याला फक्त पाठी दिसल्या. भिजलेल्या कॉलरी, मानेवर चिकटलेले केस. जिना नव्हता. पण फळीच्या टोकाशी गेलेलं प्रत्येक डोकं एकेका पायरीनं खाली उतरत होतं.

त्यानं तोंड पुन्हा खोलीकडे केलं. आतली दाटी कमी होत होती. मेव्हणा खाटेवरून उतरला होता, भिंतीला धरून पुढच्या दाराशी पोचला होता. व्हरांड्यात पाऊल ठेवून त्यानं पहिला पुरा श्वास घेतला. मग वळला.

दोघांच्या मधे एक खोली होती, आणि तिची मधली वाट आता जवळजवळ मोकळी झाली होती. चार पावलं आत आला असता तर त्याचा हात सुताराच्या हातापर्यंत पोचला असता. उजवा हात, पाच बोटांचा. त्यानं तो खिशात घातला.

सुताराची बोटं चौकटीवरून एकेक घसरत होती. पाठीमागून कुणीतरी, आग्रह न करता, त्याचा स्वेटर ओढत होतं. तो ओरडला नाही. हात दे म्हणाला नाही. त्याला एकच गोष्ट हवी होती आणि ती मिळेपर्यंत तो चौकट सोडणार नव्हता.

"बोल," तो म्हणाला. "फिटलं का?"

मेव्हण्यानं त्याच्याकडे पाहिलं. मग आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. त्या घडीलाही तो हिशेब करत होता.

"बोल!"

"फिटलं, दाजी."

सुतारानं चौकट सोडली.